मास्तरांच्या डाव्या बोटाचा नेम

मास्तरांनी कापायचं आणि मास्तरीणबाईंनी सावरायचं, हा त्या दुकानाचा कायदा होता. कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का, कोट शिवणारे. आणि मास्तरांची बायको म्हणून त्या मास्तरीणबाई. फळ्यासमोर बाई जन्मात उभ्या राहिल्या नव्हत्या, पण अख्खी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारायची आणि त्याही मुकाट्याने ओ द्यायच्या.

मास्तरांची कात्री चालायला लागली की बघत राहावं. पण माणूस गप्पिष्ट. गिऱ्हाईकाशी गप्पा मारता मारता एखादी बाही सूतभर लांब जायची, खिशाचं झाकण तिरकं बसायचं, काज बटणाला चुकवून भलतीकडेच तोंड करायचं. मग संध्याकाळी मास्तर हातपाय धुवायला वर गेले, की मास्तरीणबाई दिव्याखाली कोट पसरायच्या आणि डोळ्यांत तेल घालून एकेक शिवण तपासायच्या. चुकलं तिथे उसवायचं, नीट करायचं, इस्त्री फिरवायची आणि गुपचूप हँगरला लावायचं. बोलायचं नाही. मास्तरांना कळायचं, तेही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आरशासमोर "वा मास्तर!" म्हणायचं आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसत बायकोकडे बघायचे. चुकलेली वस्तू दुकानाबाहेर जाऊ द्यायची, यासारखं दुसरं पाप नाही, असं मास्तरीणबाईंचं ठाम मत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मास्तर कुणाच्या तरी खांद्याचं माप घेत होते आणि हातातली टेप सुटली. उचलायला वाकले तर उजवा पाय साथ देईना. "अहो, टेप" असं म्हणायला गेले आणि तोंडातून काहीतरी गुळमुळीत आवाज आला. गिऱ्हाईकाला वाटलं, मास्तर थट्टा करताहेत. हसला की हो तो! मास्तरीणबाई मशीनवरून उठून आल्या, नवऱ्याचं एका बाजूला ओघळलेलं तोंड बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

हॉस्पिटलात त्याला स्ट्रोक म्हणाले. नाव काही का असेना, मास्तरांचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि शब्द गेले. कापणारा हात आणि गप्पा मारणारी जीभ, दोन्हींवर एकदमच घाला. जीव वाचला हेच नशीब, असं जो येईल तो म्हणत होता. परगावची लेक धावत आली, राहिली, रडली, आणि नोकरी होती म्हणून परत गेली. दुकानाचं शटर खाली आलं आणि वरच्या खोलीत दोघंच उरली.

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ. मास्तरांनी डाव्या हाताने चमचा उचलला की तो तोंडाऐवजी हनुवटीला भिडायचा. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे. हो म्हणायचं तिथे नाही म्हणायचे आणि मग स्वतःवरच चिडून डोळे मिटून घ्यायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "असू द्या हो, मला कळलं," आणि पाणी आणून द्यायच्या. आता मास्तर जे म्हणतील ते तसंच्या तसं घ्यायचं नाही, त्यांना काय म्हणायचं असेल ते ओळखायचं आणि सावरून घ्यायचं, हे त्यांनी चार दिवसांत जाणलं. सावरण्यात तर त्यांचा हात कोण धरणार!

हॉस्पिटलात दोन मॅडम होत्या. एक हाताच्या आणि एक मनाच्या. नावं ठेवली होती अर्थात मास्तरीणबाईंनी. हाताच्या मॅडम बोटांचे व्यायाम करून घ्यायच्या. मनाच्या मॅडम समोर बसवून हळू आवाजात बोलायच्या. त्यांनीच मोबाईलवर ते ॲप घालून दिलं.

"अशा आजारानंतर पुष्कळांचं मन खचतं," त्या म्हणाल्या. "उदास वाटतं, उगीच भीती वाटते, छातीत धडधडतं. हा काही माणसाचा दोष नाही, आजाराचाच भाग आहे. तुम्हाला सारखं इथे येणं जमणार नाही, म्हणून हे. यात श्वासाचे व्यायाम आहेत, मनाला वळण लावायचे छोटे छोटे धडे आहेत, बोटांसाठी खेळही आहे. आणि दर आठवड्याला काही प्रश्न येतील. उत्तरं माझ्याकडे पोचतात. काळजीचं काही दिसलं तर मी त्याच दिवशी फोन करीन. फक्त उत्तरं मास्तरांनीच द्यायची हं. तुम्ही नुसता मोबाईल धरा."

मास्तरीणबाईंनी मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाताच्या मॅडम डोकावल्या. "डाव्या हाताचा नेम सुरुवातीला चुकेल बरं का. सवय होईपर्यंत जरा लक्ष ठेवा." मास्तरीणबाईंनी पुन्हा मान डोलावली. दोन सल्ले मिळाले, त्यातला दुसरा त्यांनी पदराला गाठ मारून ठेवला. पहिला कुठे गळून पडला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आता त्या ॲपबद्दल त्यांचं मत विचाराल, तर सुरुवातीला काही फार चांगलं नव्हतं. "श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा. एवढं सांगायला मोबाईल कशाला लागतो?" असं त्या लेकीला फोनवर म्हणाल्या होत्या. पण मास्तर ते करायचे. पडद्यावरचा निळा गोळा फुगायचा आणि आकसायचा, मास्तरांची छाती त्याच्याबरोबर वरखाली व्हायची. मास्तरीणबाईंना बरं वाटायचं. घरात कुणीतरी तिसरं माणूस मदतीला आल्यासारखं.

पहिल्यांदा प्रश्न आले तेव्हा दोघं खिडकीपाशी बसली होती. मोबाईलमधली बाई गोड आवाजात वाचायची आणि खाली ओळीने गोल यायचे. अजिबात नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोजच. हवा त्या गोलावर बोट टेकवायचं. "गेल्या आठवड्यात उदास वाटलं का?" मास्तरांचं बोट हवेत थरथरलं, पुढे गेलं, मागे आलं आणि 'रोजच'वर टेकलं. "झोप लागत नाही, असं झालं का?" रोजच. "आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत, असं वाटतं का?" रोजच. मास्तरीणबाईंना हसू आलं. बोट एकदा त्या कडेला गेलं की तिथेच जाऊन बसतंय! शेवटचा प्रश्न आला, "मरून गेलेलं बरं, असं मनात येतं का?" आणि मास्तरांचं बोट पुन्हा त्याच कडेला.

"अगंबाई! अहो, कुठे दाबताय!" मास्तरीणबाई चक्क हसल्या. "मॅडम ॲम्ब्युलन्स पाठवतील हो आपल्याकडे!"

मग सगळी उत्तरं एका पानावर आली आणि वर अक्षरं उमटली, 'एकदा तपासून पहा'. तपासून पहा! बाईंनी जन्मभर दुसरं काय केलं होतं? त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकेक गोल बाजूला सरकवला. झोपेचं 'कधीकधी' केलं, कारण झोप खरंच कमी होती. ओझं? अजिबात नाही. मरण? अजिबात नाही, काहीतरीच काय! मास्तर बघत होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. नेहमीच यायचा नाही. मास्तरीणबाईंनी 'पाठवा' दाबलं. एक पिवळा सूर्य हसत वर आला आणि बाई म्हणाली, "वा! तुमचा आठवडा छान गेला!"

मास्तरीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग ती सवयच झाली. दर आठवड्याला मास्तर बोट टेकवायचे, दर आठवड्याला मास्तरीणबाई सावरायच्या. हसणं बंद झालं, "कुठे दाबताय" म्हणणंही बंद झालं. आपला नवरा सारखा चुकतो हे त्याला कशाला बोलून दाखवायचं? गुपचूप नीट करायचं आणि पाठवायचं. सूर्य हसत वर यायचा. मनाच्या मॅडमचा फोन आधी वरचेवर यायचा, तो विरळ झाला. "फारच छान चाललंय," त्या म्हणायच्या. मास्तरीणबाई हे लेकीला सांगायच्या, बहिणीला सांगायच्या, जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना एवढ्या दिवसांत संशय कसा आला नाही? अहो, चमचा आता तोंडात जात होता. शर्टाची बटणं मास्तर स्वतः लावत होते. बघणाऱ्याला दिसलं असतं की हात सुधारलाय. पण मास्तरीणबाईंना ते बघायचंच नव्हतं. मास्तर जेवत होते, औषधं घेत होते, व्यायाम करत होते. चिडत नव्हते, रडत नव्हते. बाकीचा वेळ खिडकीत बसायचे. जिना उतरून दुकानात जाऊन येऊ या का, म्हटलं तर मान हलवायचे. एक दिवस त्यांनी आपली मोठी कात्री कोपऱ्यावरच्या शिंप्याला देऊन टाकायला लावली. ज्या कात्रीला बायकोलाही हात लावू दिला नाही, ती! मास्तरीणबाईंना वाटलं, चला, माणसाने सत्य स्वीकारलं. किती शहाणपणाने घेताहेत. त्यांना रडूही आलं आणि अभिमानही वाटला.

आणि मग बहिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिला सोबतीला कुणी नव्हतं. मास्तरीणबाई आधी नाहीच म्हणाल्या. पण मास्तर म्हणाले, "जा." मग थांबून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "जा तू. दोन दिवस. मी... ठीक." एवढं लांबलचक वाक्य मास्तर किती दिवसांनी बोलले होते! मास्तरीणबाईंनी आनंदाने लेकीला फोन केला. शेजारणीने जेवण आणून द्यायचं कबूल केलं. उद्या सकाळी निघायचं, म्हणून त्यांनी पिशवीही भरून ठेवली. आज तेवढं हॉस्पिटलात दाखवून यायचं होतं.

हाताच्या मॅडम खुशीत होत्या. मास्तरांना त्यांनी टेबलापाशी बसवलं, बोटं उघडून, मिटून बघितली, लाकडी मणी उचलायला लावले. मग स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा मास्तरीणबाईंकडे वळवला.

"हे बघा. तो माशांचा खेळ आहे ना तुमच्या मोबाईलवर, मासा दिसला की बोट लावायचं? त्याचे आकडे माझ्याकडे येतात. सुरुवातीच्या आठवड्यात बघा, निम्मे मासे सुटलेत. आणि त्यानंतर? एकही नाही! मास्तर, डाव्या हाताचे तुम्ही हिरो निघालात हो. नेम म्हणजे नेम. मी नव्याने बघितलं असतं तर म्हटलं असतं, हा माणूस डावखुराच आहे."

मास्तरीणबाई हसल्या. "बघा! मी म्हणत नव्हते?" असं म्हणाल्या आणि पर्स उघडून रुमाल शोधायला लागल्या. रुमाल हाताला लागला आणि त्या तशाच थांबल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ते मासे... त्या प्रश्नांच्या गोलांएवढेच असतात का हो?"

"कुठल्या गोलांएवढे?"

"ते आठवड्याचे प्रश्न येतात ना. उत्तराचे गोल."

"छे! मासे त्याहून कितीतरी बारीक. शिवाय ते पळतात. गोल तर बिचारे एका जागी बसलेले असतात, त्यांच्यावर बोट टेकवायला काय लागतं?" मॅडम हसत म्हणाल्या आणि पुढचं काहीतरी बोलायला लागल्या.

मास्तरीणबाईंना पुढचं काही ऐकू आलं नाही. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते. डोकं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होतं. बोट चुकत नव्हतं. बोट चुकत नव्हतं.

मग ते सगळे गोल एकामागून एक डोळ्यांसमोर आले. ॲपमध्ये शोधून ते आता सापडणार नव्हते, तिथे होते ते सगळे बाईंनी ठेवलेले. मास्तरांचे गोल फक्त त्यांच्याच डोक्यात होते. उसवलेली शिवण त्या कधी विसरल्या नव्हत्या, हे तरी कशा विसरणार? उदास वाटतं का, रोजच. भीती वाटते का, रोजच. ओझं झालो असं वाटतं का, रोजच. आणि तो शेवटचा. दर आठवड्याला तो शेवटचा, त्याच कडेला, एकदाही इकडेतिकडे न झालेला. आणि आपण काय केलं? हसलो. आपण हसलो, देवा! माणूस समोर बसून सांगतोय की मला मरावंसं वाटतं, आणि आपण म्हणालो, कुठे दाबताय.

आणि तेवढ्यावर थांबतं तर ठीक. त्यांच्या डोळ्यांसमोर दाराशी भरून ठेवलेली पिशवी आली. जा तू. दोन दिवस. मी ठीक.

काळजात धस्स झालं म्हणतात ते मास्तरीणबाईंनी आजवर शंभरदा म्हटलं असेल, पण ते असं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. शेजारी मास्तर बसले होते, नीट भांग पाडलेले, बटणं लावलेले, हात मांडीवर. दारावरचा कॅलेंडरचा कागद बघावा तसे समोर बघत होते.

"मनाच्या मॅडमना बोलवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"त्या पलीकडच्या खोलीतल्या! बोलवा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

मनाच्या मॅडम हसतमुखानेच आत आल्या. "मास्तर, मी तुमचे आठवड्याचे निकालच बघत होते. आता आपण तीन महिन्यांनी भेटलो तरी..."

"ते त्यांचे नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझे आहेत. मी बदलले. ते एक दाबायचे, मी दुसरं करायचे. मला वाटलं, बोट चुकतंय. मला वाटलं..." लाज इतकी वाटत होती की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण त्याहून मोठी भीती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. "ते दर वेळी म्हणत होते की त्यांना मरावंसं वाटतं. दर वेळी. आणि मी उद्या बाहेरगावी चालले होते. त्यांनीच मला जा म्हटलं."

हाताच्या मॅडमच्या हातातला लाकडी मणी टेबलावर पडला आणि घरंगळत खाली गेला. कुणी उचलला नाही. मनाच्या मॅडमचं हसू पुसलं गेलं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून मास्तरांच्या अगदी समोर बसल्या. मास्तरीणबाईंना एक शब्दही बोलल्या नाहीत. एखादी चपराक परवडली असती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी विचारते ते ऐकून उत्तर द्या. घाई नाही. शब्द यायला वेळ लागला तरी चालेल. या बाहेर बसल्या तर बरं वाटेल का तुम्हाला?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. "बसू... दे. इथेच."

"जीव द्यावा, असं मनात येतं?"

मास्तरांचे ओठ हलले. शब्द कुठेतरी खोल अडकला होता आणि तो वर ओढताना त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

"रोज," ते म्हणाले. मग नीट, स्पष्ट, "रोजच."

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. गोलावर बघणं वेगळं आणि त्या आवाजात ऐकणं वेगळं. हाच आवाज गिऱ्हाइकांना हसवायचा, पोरीला गोष्टी सांगायचा.

"काही ठरवलं होतंत?"

मास्तर म्हणाले, "ही... गेली... की."

मनाच्या मॅडमनी त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. "मास्तर, आज तुम्ही घरी जाणार नाही. इथेच राहायचं. मोठ्या डॉक्टरांना मी आत्ता बोलावते, औषधं बघू, मी रोज येऊन बसेन. या आजारातून माणसं बरी होतात, मी झालेली बघितली आहेत. तुम्ही आज सांगितलंत, हे फार चांगलं केलंत."

"आज... नाही," मास्तर म्हणाले. "केव्हाचं... सांगतोय."

मॅडमनी मान खाली घातली. "हो. खरं आहे. आमच्यापर्यंत पोचलं नाही. आणि मीही कागदावरचं बघत राहिले, तुम्हाला फोनवर घेऊन विचारलं नाही. चुकलं माझं." मग त्या उठल्या, हाताच्या मॅडमना दाराशी थांबायची खूण केली आणि झपझप निघून गेल्या. हाताच्या मॅडम दाराबाहेर जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खोलीत दोघंच उरली.

मास्तरीणबाईंना बोलायचं तर खूप होतं. पण काय बोलणार? माफ करा? कोटाचं बटण तुटल्यासारखं? त्यांनी खुर्ची जवळ ओढली. गुडघ्याला गुडघा लागला.

"मला वेगळं का नाही हो सांगितलंत?" त्या शेवटी म्हणाल्या. "हाताने खूण करायची, ओरडायचं, मोबाईल फेकून मारायचा माझ्या अंगावर! मला कळलंच नाही हो. मला वाटलं, नेम चुकतोय."

मास्तर त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग डोळे बारीक झाले, भुवया वर गेल्या, आणि धक्का बसल्यासारखे ते खुर्चीत सरळ झाले.

"कळलं... नाही?"

"नाही हो!"

"तुला... कळलं नव्हतं?"

"तुमची शपथ! कळलं असतं तर मी अशी बसले असते?"

मास्तरांचा श्वास जोरात चालायला लागला. शब्द एकमेकांना ढकलत होते आणि एकही बाहेर पडत नव्हता. मास्तरीणबाई वाट बघत राहिल्या.

"मी... दाबायचो," मास्तर म्हणाले. "तू... वाचायचीस. चष्मा... लावून. मग... पुसायचीस."

"हो."

"मला वाटलं... वाचलंस. कळलं... तुला. सगळं."

"मग?"

"मग... जाते म्हणालीस. उद्या." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं, उजव्या गालावर त्यांना ते कळतही नव्हतं. "मला वाटलं... तुला... चालेल."

मास्तरीणबाईंना आधी अर्थच लागला नाही. आणि मग लागला. म्हणजे हा माणूस आठवड्यामागून आठवडे आपल्याला सांगत होता, आपण वाचतो आहोत हे बघत होता, आणि आपण ते पुसून, सूर्य हसवून, चहा टाकायला उठत होतो. आणि उद्यासाठी पिशवी भरत होतो. या माणसाच्या हिशेबी त्याच्या बायकोने त्याचं मरण वाचलं होतं आणि मान्य केलं होतं.

"नाही चालणार!" त्या ओरडल्या.

आवाज इतका मोठा निघाला की दाराबाहेरच्या मॅडम वळून आत आल्या, मागून व्हीलचेअर ढकलणारा माणूस थांबला, समोरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मास्तरीणबाईंनी कुणाकडे बघितलं नाही. त्यांनी नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, सरळ आणि ओघळलेलं, दोन्ही बाजूंनी.

"मला नाही चालणार! ऐकलंत? अजिबात नाही! कोण म्हणालं तुम्हाला, चालेल म्हणून? मी कधी म्हटलं? उजवा हात नको मला, कोट नकोत, काही नको! दिवसभर खिडकीत बसा, एक अक्षर बोलू नका, पण मला तुम्ही पाहिजे आहात! मला विचारायचं तरी होतंत एकदा, तुला चालेल का म्हणून!"

मास्तरांचा डावा हात वर आला, जराही न चुकता बायकोच्या मनगटापाशी पोचला आणि त्याने ते घट्ट पकडलं.

"विचारतो," मास्तर म्हणाले. "आता... विचारतो."

"विचारा."

पण त्यांना विचारता आलं नाही. ते रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे, स्ट्रोक आल्यापासून पहिल्यांदा. मनाच्या मॅडम मोठ्या डॉक्टरांना घेऊन दाराशी आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या. मास्तरीणबाई नवऱ्याचं डोकं छातीशी धरून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नाही चालणार हो, नाही चालणार," आणि त्यांना गप्प करायला कुणी पुढे आलं नाही.